नांगर एकत्र की पाणी एकत्र?

मागच्या भागानंतर जे निरोप आले त्यांत एक पांढुर्ण्याकडच्या एका निवृत्त हवालदारांचा होता. तो मी दोनदा ऐकला. त्यांच्या वस्तीत पन्नासेक घरं. तीस घरांकडे दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन, वीस घरांकडे काहीच नाही. दिवाळी झाली की तरुण पोरं नागपूरला बांधकामावर जातात, ती होळीला परततात. हवालदारांना निवृत्तीच्या पैशातले आठ लाख गावासाठी घालायचे आहेत. प्रश्न सरळ होता: “साहेब, सगळ्यांची जमीन एकत्र करून सहकारी शेती काढली तर चालेल का? फौजी शिस्तीत चालवू.”

आठ लाख ही रक्कम हवालदाराच्या घरात लहान नसते. मुलीचं लग्न, घराचं छप्पर, म्हातारपणीची औषधं, सगळं त्यातूनच व्हायचं असतं. तेव्हा ‘काढा, शुभेच्छा’ म्हणून मोकळं होणं मला बरं वाटेना. आजचा सगळा भाग याच प्रश्नावर. उत्तर आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला ताटकळावं लागणार नाही. सहकारी शेती जरूर करा, पण तीस घरांच्या जमिनीची मोट बांधू नका. नांगर ज्याचा त्याचा राहू द्या. पाणी, खरेदी आणि विक्री एकत्र करा. आणि त्या वीस भूमिहीन घरांसाठी वेगळी, लहान, खरोखरची सामुदायिक शेती उभी करा. असं का म्हणतो, ते आता बघू.

आधी फौजी शिस्तीचं. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस, म्हणजे माझी नोकरी पीठ, डाळ, तेल आणि त्यांचे हिशेब यांत गेली. फौजेने स्वतः शेतीही करून पाहिली आहे. १८८९ मध्ये अलाहाबादला पहिला मिलिटरी फार्म निघाला, छावणीतल्या पलटणींना चांगलं दूध मिळावं म्हणून. ३१ मार्च २०२१ रोजी हे फार्म कायमचे बंद झाले. जोवर होते तोवर हुकमावर चालले, आणि चालणारच होते. जमीन सरकारची, पगार सरकारचा, तोटाही सरकारचा. गावात यातलं एकही नाही. गावात कोर्ट मार्शल नसतं. शेजारी म्हणाला, आज निंदणीला येत नाही, तर त्याला काय क्वार्टर गार्डमध्ये बसवणार? आठवड्याने त्याच्याच पोराच्या लग्नात तुम्हाला पंगतीला बसायचं असतं. शिस्त लागतेच, पण ती हुकमातून येत नाही, हिशेबातून येते. आपलं काम आणि आपला वाटा यांचा धागा ज्याला दिसतो तो सकाळी सहाला शेतावर येतो. दिसला नाही तर त्याचं डोकं दुखायला लागतं.

जमिनी एकत्र करण्याचा विचार नवा नाही. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्यात ठराव झाला की देशाच्या शेतीचा पुढचा नमुना संयुक्त सहकारी शेतीचा असेल. मालकी शेतकऱ्याची राहील, जमिनी एकत्र कसल्या जातील, जमिनीच्या प्रमाणात वाटा मिळेल आणि जो राबेल त्याला कामाचा मोबदला. कागदावर वाचलं तर खोट काढायला जागा नाही. तिथेच चौधरी चरणसिंगांनी कडाडून विरोध केला. त्याच वर्षी राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला, त्यामागे हा ठरावही एक कारण होता. तरी तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत ३२० पथदर्शी प्रकल्प घेतले गेले, प्रत्येकात दहा संस्था. त्यांचा लेखाजोखा १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने मांडला. गाडगीळ म्हणजे सहकाराला वाहिलेला माणूस, त्यांना कोणी सहकाराचा वैरी म्हणणार नाही.

त्या काळात जे कोणी गावोगाव फिरून आले त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. डॅनियल थॉर्नर नावाचे अभ्यासक १९५८-५९ मध्ये शंभरावर सहकारी संस्था प्रत्यक्ष पाहून आले. अनेक ठिकाणी ‘सहकारी शेती’ म्हणजे एकाच मोठ्या घरातले भाऊ, मेहुणे आणि गड्यांची नावं. कमाल जमीन धारणेचा कायदा चुकवायचा आणि सरकारी अनुदान घ्यायचं, एवढाच धंदा. जिथे खरे छोटे शेतकरी एकत्र आले होते तिथे दुसरीच अडचण. पाच एकरवाल्याला वाटे, माझी जमीन काळी, याची मुरमाड, मग दर एकरी वाटा सारखा कसा? दोन एकरवाला म्हणे, राबतो मी आणि जमिनीचा वाटा खातो तो. दोघंही खोटं बोलत नव्हते. या भांडणाला उत्तर देईल असं कुठलंही सूत्र मला आजवर दिसलेलं नाही.

आता याच काळात महाराष्ट्रात काय झालं बघा. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि गाडगीळ यांनी मिळून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० च्या अखेरीस तिथे गाळप सुरू झालं. तिथे कुणीही कुणाची जमीन मागितली नाही. ज्याचा ऊस त्याच्या बांधात. पण एकट्या शेतकऱ्याला जी वस्तू कधीच परवडली नसती, तो कारखाना, ती सगळ्यांची. प्रत्येकाचा ऊस वजनकाट्यावर वेगळा मोजला जातो. किती घातलं आणि किती मिळालं, हे ज्याला त्याला ठाऊक. साखर कारखान्यांचं पुढे राजकारण काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, त्यात मी शिरत नाही. माझ्या कामाचं एवढंच की एकट्याला जे जमत नाही तेवढंच त्यांनी एकत्र केलं.

आणि हे शिकायला लोणीपर्यंत जायला नको. मी राहतो घमापुरात. इथून पाटणकडे किंवा सिहोऱ्याकडे निघा, हा सगळा जुना ‘हवेली’चा मुलूख. हवेली म्हणजे वाडा नव्हे, हे शेतीच्या पद्धतीचं नाव आहे. इथली काळी जमीन पावसाळ्यात अशी चिकट होते की तिच्यात बैल घालणं अवघड. म्हणून जुन्या शेतकऱ्यांनी शेताला चारी बाजूंनी उंच बांध घातले आणि पावसाचं पाणी शेतातच तुंबवून ठेवलं. जुलैपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत शेताचं तळं. तण कुजून जाई, जमीन खोलवर ओल पिऊन घेई. मग पाणी सोडायचं, वाफसा आला की गहू, हरभरा, मसूर पेरायचा. वरून एक थेंब पाणी न देता पीक घरात.

यात खरी मेख पाणी सोडण्यात आहे. वरच्या शेताचं पाणी खालच्या शेतातूनच जाणार. वरच्याने मनाला येईल तेव्हा बांध फोडला तर खालच्याची पेरणी बुडाली. त्यामुळे कोण कधी सोडणार, कुणाच्या आधी, कुणाच्या मागून, हे गाव बसून ठरवायचं. कुणी संस्था नोंदवली नव्हती, अध्यक्ष नव्हता, शिक्का नव्हता. शेत ज्याचं त्याचं, पाण्याचं वेळापत्रक सगळ्यांचं. पुढे सोयाबीन आलं. ते मध्य प्रदेशात रुजवण्यात आमच्या अधारतालच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचाही मोठा हात होता. सोयाबीन खरिपाचं पीक, त्याला शेतात पाणी तुंबलेलं चालत नाही. एकाने बांध फोडून सोयाबीन लावलं की खालच्याला हवेली ठेवणं अवघड, मग तोही फोडतो. बांध गेले तसं बैठकांचं कारणही गेलं. सोयाबीनने पैसा दिला, हे नाकारत नाही मी. पण पिकाची निवड एकट्याची राहिली तर एकत्र बांधलेली पाण्याची व्यवस्था टिकत नाही. हवालदारसाहेब, हे लक्षात ठेवा, कारण तुमच्याकडे संत्रा आहे.

संत्र्याकडे येतो, पण आधी पुरंदर. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनियर आणि कारखानदार पुरंदर तालुक्यात गेले. नायगावला देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन त्यांनी कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, खाली विहीर खणली. पाणी लागलं. इतपत पुष्कळांनी केलं आहे. साळुंखे वेगळे ठरले ते पुढच्या प्रश्नामुळे: हे पाणी कुणाचं? त्यांनी आणि कल्पनाताई साळुंखे यांनी गावकऱ्यांबरोबर बसून जी व्यवस्था उभी केली तिचं नाव पाणी पंचायत.

तिचे नियम मला फार आवडतात, कारण ते एका पोस्टकार्डावर मावतात आणि त्यांत पळवाट नाही. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मोजणीने. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. तुमच्याकडे तीस एकर असोत, पाणी अडीच एकरांचंच. जमीन विकली तर पाण्याचा हक्क बरोबर जात नाही, तो पंचायतीकडे परत येतो. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करतो, पण हातात पाणी घेऊन करतो, मग बोलणी बरोबरीने होतात. आणि ऊस लावायचा नाही. पाणी सोडायला पाटकरी नेमलेला, तो सांगेल तीच पाळी. खर्चाची विभागणीही ठरलेली: निम्मा सरकारी अनुदानातून, तीस टक्के संस्थेचं बिनव्याजी कर्ज आणि वीस टक्के शेतकऱ्यांनी स्वतः आधी उभे करायचे.

उसाची बंदी लोकांना जाचक वाटते. पण विचार करा, विहिरीत पाणी तेवढंच. एकाने बारा महिन्यांचं तहानलेलं पीक लावलं की बाकीच्या नऊ जणांची ज्वारी गेली. पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात उसाच्या जागी संत्रा आहे. बाग एकदा लावली की ती वीस वर्षं उन्हाळ्यात पाणी मागते, आणि जिवंत झाडं तोडा म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही. म्हणून झाडं लावायच्या आधी ठरवा, घरटी किती. तूर, कापूस, ज्वारी, हरभरा यांना दोन-तीन संरक्षक पाळ्या मिळाल्या तरी कोरडवाहूचं चित्र बदलतं. सामुदायिक विहिरीचं पाणी त्यासाठी. बाग ज्याला वाढवायची त्याने ती स्वतःच्या पाण्यावर वाढवावी, आणि तीही आपल्या विहिरीचे झरे ओढणार नाही एवढ्या अंतरावर.

तीस घरांचं झालं. आता ती वीस घरं, ज्यांच्याकडे जमीन नाही. इथे मी उलट सल्ला देतो. इथे नांगरही एकत्र हवा.

गंभीरा हे नाव तुम्ही जुलै २०२५ मध्ये ऐकलं असेल, गुजरातेत मही नदीवरचा पूल कोसळला तेव्हा. त्याच गंभीऱ्यात देशातली फार जुनी सामुदायिक शेती आहे. महीने पात्र बदललं आणि पुरांनी काठच्या गावांची शेतं गिळली. माणसं भूमिहीन झाली. सरकारने त्यांना नदीपात्रातली गाळपेराची जमीन दिली आणि १९५३ मध्ये संस्था नोंदवली गेली. सुमारे पाचशे एकर जमीन, तीनशेच्या आत-बाहेर सभासद. बाकीच्या सामुदायिक शेती संस्था माना टाकत होत्या तेव्हा ही कशी तगली? जमीन कुणाच्याच वाडवडलांची नव्हती, त्यामुळे ‘माझी काळी, तुझी मुरमाड’ हे भांडणच नाही. शिवाय पूर येऊन बांध पुसून टाकतो, तिथे एकेकट्याचे तुकडे पाडून काय करणार?

पण याहून महत्त्वाचं त्यांनी केलं ते असं. सभासदांचे लहान गट पाडले, साधारण दहा-दहा जणांचे. प्रत्येक गटाला जमिनीचा एक तुकडा आणि एक गटप्रमुख. नांगरट, बी, खत, पंपाचं पाणी संस्थेकडून. लावणी, निंदणी, कापणी गटाची. पीक निघालं की त्या तुकड्याच्या उत्पन्नात संस्थेचा एक वाटा आणि गटाचा एक वाटा. म्हणजे गट आळशी निघाला तर त्याचं पीक कमी, वाटाही कमी. तीनशे माणसांत कामचुकार लपतो. दहा जणांत लपायला जागाच नसते. फौजेतलं काही गावात न्यायचं असेल तर हे न्या. पायदळाचा सेक्शन दहा जणांचा असतो, तो उगाच नाही. त्यात कोण दमला, कोण आजारी, कोण सोंग करतो, हे कुणाला सांगावं लागत नाही.

केरळात कुडुंबश्रीच्या बायकाही याच आकड्याच्या आसपास पोचल्या. चार ते दहा जणींचा गट, जमीन खंडाने घेतलेली, केळी, भाजीपाला, भात. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी केरळ आणि तेलंगण या दोन्ही ठिकाणच्या महिला गटांची तुलना एकेकट्याच्या शेतीशी केली. केरळच्या गटांचं हेक्टरी उत्पन्न एकेकट्या शेतकऱ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. तेलंगणात उत्पन्न कमी पडलं, पण मजुरीचा खर्च वाचल्यामुळे निव्वळ नफ्यात त्या मागे राहिल्या नाहीत. फरक कष्टांचा नव्हता. केरळात पाठीशी प्रशिक्षण, बँकेचं कर्ज आणि पंचायत होती, पिकंही बाजाराची. तेलंगणात गटांना चांगली जमीन मिळणंच अवघड. तेव्हा भूमिहीनांना गावाने उरलीसुरली खडकाळ जमीन दिली तर गट मोडेल, आणि गाव म्हणेल, बघा, यांना शेती जमत नाही.

एक तपासणी आधी करा. तुमची वीस भूमिहीन घरं खरोखर भूमिहीन आहेत का? पटवाऱ्याकडून खसरा काढून बघा. सांगली जिल्ह्यात म्हैसाळला मधुकर देवल यांनी १९६९ च्या सुमारास दलित कुटुंबांची श्री विठ्ठल संयुक्त सहकारी शेती संस्था उभी केली, तेव्हा त्या कुटुंबांच्या नावावर जमिनी होत्या. त्या सावकारांकडे गहाण पडलेल्या. मालक आपल्याच शेतात मजुरीला. संस्थेचं पहिलं काम जमिनी सोडवून घेणं, मग कृष्णेचं पाणी उचलून आणणं, आणि त्यानंतर द्राक्षं. हा क्रम उलटा केला असता तर द्राक्षं सावकाराची झाली असती. तुमच्या भागात गोंड घरं आहेत. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ चे निर्बंध आहेत, पण कागद एकाच्या नावाचा आणि नांगर दुसऱ्याचा, असं गावोगाव चालतं. असं एकही घर सापडलं तर पंप नंतर, आधी ते.

गटासाठी जमीन खंडाने घ्याल तर तोंडी बोलीवर घेऊ नका. मालकाला भीती असते की कूळ जमीन गिळेल, म्हणून तो दरवर्षी तुकडा बदलून देतो. मग गट खत टाकत नाही, बांध घालत नाही, कारण पुढच्या वर्षी ती जमीन कुणाची ते माहीत नाही. मध्य प्रदेशात २०१६ पासून भूमिस्वामी आणि बटाईदार दोघांच्याही रक्षणाचा कायदा आहे. लेखी करार करा, तहसीलमध्ये त्याची प्रत द्या. मालकाची जमीन मालकाचीच राहते, हे त्याला कागदावर दिसलं की तो तीन-चार वर्षांसाठी मोकळ्या मनाने देतो.

संस्था कोणती नोंदवायची, हा प्रश्न लोक पहिला विचारतात. मी तो शेवटी ठेवतो. एक पर्याय सहकारी संस्थेचा, दुसरा शेतकरी उत्पादक कंपनीचा. अलघ समितीच्या शिफारशीवरून कंपनी कायद्यात त्याची सोय झाली. दहा उत्पादक शेतकरी एकत्र आले तरी अशी कंपनी नोंदवता येते, आणि शेअर कितीही असोत, माणशी मत एकच. नाशिकजवळ मोहाडीला विलास शिंदे यांची सह्याद्री २०११ मध्ये अशीच सुरू झाली. २०२० च्या केंद्रीय योजनेत तीन वर्षांच्या व्यवस्थापन खर्चासाठी १८ लाखांपर्यंत मदत आहे, पण सपाट प्रदेशात त्यासाठी किमान ३०० सभासद लागतात. पन्नास घरांचं गाव एकट्याने तिथे पोचणार नाही, आसपासची सात-आठ गावं लागतील. घाई नको. आणि अनुदान डोळ्यांसमोर ठेवून संस्था काढू नका. अनुदान संपलं त्या महिन्यात कुलूप लागलेली कार्यालयं तुम्हीही पाहिली असतील.

पहिलं वर्ष काहीही न नोंदवता काढा. बी आणि खत तीस घरांचं एकदम घ्या, तूर एकाच ट्रॉलीत बाजार समितीत न्या. पावत्या मारुतीच्या पारावर मोठ्याने वाचा. दर पंधरा दिवसांनी, वार ठरवून. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकता येतं, आणि पाठांतर त्यांचंच पक्कं असतं. वही लिहिणारा आणि पैसे ठेवणारा, ही दोन वेगळी माणसं हवीत. त्यांतली एक बाई असेल तर फार उत्तम. पारावर यायला बायका संकोचत असतील तर वाचन दुसऱ्या जागी न्या, पण त्यांच्याविना करू नका. नागपूरला गेलेल्या पोरांमागे शेत त्याच सांभाळतात.

आता ते आठ लाख. दान म्हणून देऊ नका. दानाच्या पंपाचं बेअरिंग गेलं की लोक दात्याकडे बघतात. सगळ्यांत मोठा शेअर म्हणूनही नको, कारण मग गावच्या तोंडी ती ‘हवालदारांची सोसायटी’ होईल आणि तुमच्या पहिल्या आजारपणात बंद पडेल. आधी गावाला पाणी पंचायतीसारखे वीस टक्के जमवू द्या. कुणी रोख देईल, कुणी श्रमाने, पण प्रत्येक घराचं काहीतरी वहीत चढलं पाहिजे. मग तुमचे दोन लाख, फार तर अडीच, बिनव्याजी उसने, स्टँप पेपरवर, पाणीपट्टीतून पाच हंगामांत फिटतील असे. उरलेले बँकेत राहू द्या, वहिनींच्या आणि तुमच्या जोड-खात्यात. वीस टक्के होळीपर्यंत जमले नाहीत तर विहिरीला हात लावू नका. खरेदी-विक्रीवर आणखी एक वर्ष काढा आणि पुढच्या दिवाळीला, पोरं नागपूरला निघायच्या आत, वही पुन्हा उघडा.